मोहोळच्या वाटेवर मागे पडणारी सायकल

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पत्रलेखक सोलापूरचे असून त्यांचे वय ४६ आहे. ते चादरीच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. चार वर्षांपूर्वी रक्तातील साखर काठावर आल्याचे कळल्यावर त्यांनी सरळ हँडलची हायब्रिड सायकल घेतली आणि दर रविवारी पहाटे जुन्या पुणे नाक्यावरून निघून मोहोळपर्यंत जाऊन येणाऱ्या सहा जणांच्या गटात ते सामील झाले. गेल्या दीड वर्षात उरलेल्या पाचही जणांनी कार्बन फायबरच्या हलक्या, वेगवान रोडबाईक घेतल्या, गटाचा वेग ताशी २४ किलोमीटरवरून २९ वर गेला आणि पावसाळा सुरू झाल्यापासून पत्रलेखक जाताना पाकणीच्या पुढे एकटे पडू लागले. दोनदा तर पंक्चर झाल्याचे खोटेच सांगून ते मागे फिरले. गुडघाही पुढच्या बाजूने दुखू लागला आहे. दिवाळीत एक मुदत ठेव पूर्ण होत आहे. त्यातून पावणेदोन लाखांची कार्बनची सायकल घेतली तर गटाबरोबर राहता येईल आणि हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हेही (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राइड) पूर्ण करता येईल, असे त्यांना वाटते. पत्नीचा विरोध नाही, कारण तिला अजून सांगितलेलेच नाही. ‘घरी साठ हजार सांग, आम्ही सगळ्यांनी तेच केले,’ असा मित्रांचा सल्ला आहे. सायकल घ्यावी का, आणि घरी किंमत किती सांगावी, असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्राची साडेतीन पाने सायकलीची आहेत आणि शेवटच्या चार ओळी घराच्या आहेत. मी आधी सायकलीचे बोलतो, कारण त्याचा हिशेब मांडता येतो आणि तुमचा व्यवसायच हिशेबाचा असल्याने तो तुम्हाला पटेल अशी आशा आहे. त्या चार ओळींकडे मात्र मी परत येणार आहे.

तुम्ही गृहीत धरले आहे की १२ किलोची सायकल तुम्हाला मागे ओढते आणि साडेआठ किलोची सायकल ओढणार नाही. हे साडेतीन किलो कोठे आणि किती जाणवतात ते पाहू. शंभर मीटर उंची चढताना तेवढे जादा वजन वर नेण्यास, दीडशे वॉट इतक्या बेताच्या शक्तीने पेडल मारणाऱ्या माणसाला सुमारे २३ सेकंद अधिक लागतात. तुळजापूरचा घाट तुमच्या रविवारच्या वाटेवर असता, तर हे २३ सेकंद आपण विचारात घेतले असते. पण पुणे नाका, बाळे, केगाव, कोंडी, पाकणी, सावळेश्वर, मोहोळ हा रस्ता कसा आहे हे सोलापूरकराला सांगायला नको. दोन-चार उड्डाणपूल सोडले तर चढ म्हणावा असा चढच तेथे नाही. सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की वजनाला फारसे काम उरत नाही. तेथे झगडा असतो तो वाऱ्याशी.

याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही जाताना मागे पडता, असे लिहिले आहे. परतीच्या वाटेवर मागे पडल्याचा उल्लेख साडेतीन पानांत एकदाही नाही, उलट कोंडीपासून सगळे एकत्र येतो, असे म्हटले आहे. सायकल तीच, पाय तेच, आणि परतताना तर पाय दमलेले असतात. फरक एवढाच की पावसाळ्याच्या महिन्यांत आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो. मोहोळला जाताना तो छातीवर येतो आणि परतताना पाठीवर. वजन दोन्ही वेळी सारखेच असते, त्यामुळे दोषी वजन नव्हे हे उघड आहे.

आता वेगाचे पाहा. ताशी २४ वरून २९ म्हणजे वेगात जेमतेम एकवीस टक्क्यांची वाढ झाली, असे कागदावर दिसते. पण हवेचा अडथळा फोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेगातल्या त्या ताशी पाच किलोमीटरच्या वाढीसाठी तुम्हाला सुमारे पाऊणपट अधिक जोर लावावा लागतो. आणि ही हवा मुख्यतः सायकलीला अडत नाही, ती सायकलीवर बसलेल्या माणसाला अडते. हायब्रिडच्या सरळ हँडलमुळे तुम्ही छाती उघडी टाकून ताठ बसता, रोडबाईकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर तुमचे मित्र वाकून बसतात. तेव्हा तुमचा संशय अर्धा खरा आहे. सायकलीमुळे फरक पडतो, पण तो बसण्याच्या ढबीमुळे पडतो. ती ढब द्यायला कार्बनच लागते असे नाही, ॲल्युमिनियमची सायकलही ती देते.

१९८९च्या तूर द फ्रान्स या अनेक दिवस चालणाऱ्या सायकल स्पर्धेत शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड हा अमेरिकन सायकलपटू ५० सेकंदांनी मागे होता आणि व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतची साडेचोवीस किलोमीटरची एकेकट्याने सायकल चालवायची शर्यत उरली होती. त्याने हँडलवर पुढे निघालेल्या दांड्या बसवल्या, कोपर त्यावर टेकवून तो अंग चोरून बसला आणि लॉरां फिन्यों या फ्रेंच प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून त्याने सबंध स्पर्धा आठ सेकंदांनी जिंकली. फिन्योंच्या सायकलीला तशा दांड्या नव्हत्या. सामानाने काही होत नाही, सगळे पायांत असते, असे उपदेश करणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. मात्र ती ऐकून लगेच तशा दांड्या विकत घेऊ नका. गटात चालवताना त्यांवर हात ठेवला की ब्रेक हातापासून लांब राहतात, आणि आपल्या हायवेवर कुत्रे आडवे येण्यापूर्वी सूचना देत नाही.

वाऱ्याला दुसरे एक उत्तर आहे, आणि ते फुकट आहे. पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकापासून अर्धा-एक मीटर अंतर राखून चालवले, तर पुढच्याच्या आडोशाने श्रम पाव ते एक तृतीयांशाने वाचतात. हे अंतर तीन-चार मीटर झाले की आडोसा बराच हरवतो. तुम्ही लिहिता की मित्र उड्डाणपुलावरून उतरताना वेग घेतात आणि ‘तेवढ्यात थोडे अंतर पडते’. सगळा घोटाळा या ‘थोड्या’त आहे. एकदा अंतर पडले की ते पाच जण एकमेकांच्या आडोशाला असतात आणि तुम्ही एकटे, ताठ बसून, पश्चिमेचा वारा अंगावर घेत त्यांच्यामागे धावता. अशा वेळी तुमच्याखाली सात किलोची सायकल असती तरीही तुम्ही मागेच पडला असता. यावरचा उपाय असा की तुम्ही गटात शेवटी राहू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी राहावे, पुढे ओढण्याची पाळी थोडी कमी घ्यावी आणि उड्डाणपुलावर पुढच्या माणसाने पेडल थोडे सैल सोडावे. हे शेवटचे त्यांना सांगितल्याशिवाय होणार नाही. ट्रक-बसच्या रस्त्यावर इतके जवळून चालवायचे तर पुढच्याने खड्डा आणि अडथळा हाताने दाखवण्याची शिस्तही हवी. ती नसेल तर आडोसा सोडलेला बरा. ऊसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात मागे लाल दिवाही नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, त्या दिवसांत उजाडेपर्यंत एकमेकांना चिकटून चालवू नका.

आता गुडघ्याविषयी, कारण पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटली. पुढच्या बाजूने दुखणारा गुडघा पाहिला की सायकलवाल्याच्या मनात पहिला संशय येतो तो सीट खाली असल्याचा. आपल्यापैकी बहुतेकजण भाड्याची सायकल घेऊन शिकलो आणि सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ही शिकवण तेव्हापासून अंगात मुरली आहे. तशा सीटवर गुडघा कधी पुरता उघडतच नाही, प्रत्येक फेऱ्यात तो मुडपलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि तासाभरात चार-पाच हजार फेरे होतात. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखे वरपर्यंत घट्ट दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणले की पेडलच्या दोन्ही दांड्या ज्या मधल्या आसाला जोडलेल्या असतात, त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माप ८० सेंटिमीटर आले तर उंची साधारण साडेसत्तर सेंटिमीटर यावी. ही पद्धतही त्या लेमाँडच्याच नावाने ओळखली जाते. हा आकडा सुरुवातीचा समजा. एकदम चार सेंटिमीटर वर न नेता आठवड्याला अर्धा सेंटिमीटर या बेताने वर न्या, आणि महिनाभरात दुखणे हटले नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

हे मी अधिकाराने सांगत नाही, ठेच लागून सांगतो. माझ्या हाताची शेवटची दोन बोटे लांबच्या राइडनंतर बधिर होत असत. मी दोन वर्षांत तीन जोड हातमोजे घेतले, हँडलची टेप दोनदा बदलली आणि नव्या हँडलची चौकशीही सुरू केली होती. शेवटी एका जुन्या सायकल मेकॅनिकने सीटचे नाक किंचित खाली झुकले असल्याचे दाखवले. त्यामुळे सगळा भार हातांवर येत होता. त्याने एक ॲलन की फिरवली आणि पैसेही घेतले नाहीत, याचे मला आजही थोडे वाईट वाटते.

तेव्हा पहिला पर्याय आहे ती सायकल सुधारण्याचा. तुमच्या हायब्रिडचे चाक ७००सी असल्याचे तुम्ही लिहिले आहे. हे रोडबाईकचेच माप आहे, त्यामुळे रिमची रुंदी तपासून त्यावर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर बसवता येतात. मूळचे जाड, खाचांचे टायर काढून असे हलके टायर घातल्यावर त्याच श्रमात ताशी एक-दीड किलोमीटर मिळतो, असा माझा अनुभव आहे. हवा मात्र टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका. तुमच्या ७२ किलो वजनाला ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये साठ-पासष्ट पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरते आणि खडबडीत रस्त्यावर ती अधिक वेगवान ठरते. शेताच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीचे काटे सर्व्हिस रोडवर पसरलेले असतात, म्हणून काट्यांपासून संरक्षण देणारी पट्टी असलेले टायर निवडा, मग ते थोडे जड असले तरी चालतील. ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व असेल तर नखाएवढा पितळी ॲडॅप्टर खिशात ठेवा. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे हवा मुबलक असते, पण ती त्या बारीक व्हॉल्वमध्ये शिरत नाही. टायर, सीटची उंची आणि सायकलीची नीट सर्व्हिसिंग हे सारे आठ-दहा हजारांत बसावे.

ब्रेव्हेसाठी तर नव्या सायकलीची काडीची गरज नाही. ऑडॅक्स क्लब पारिझियाँ या फ्रेंच संस्थेच्या नियमांप्रमाणे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, जेवण, पंक्चर सगळे धरून ताशी सरासरी १५ किलोमीटरही पडत नाहीत. शिवाय ब्रेव्हे ही शर्यत नाही, पहिला-दुसरा क्रमांक काढलाच जात नाही. सरळ हँडलच्या सायकलीला मज्जाव नाही, पण हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जॅकेट यांत कसूर करू नका. त्या दिवशी तुमची परीक्षा फ्रेमपेक्षा पोटाची, पाण्याची आणि बसण्याच्या जागेची होईल. दीडशे किलोमीटरनंतर गोड जेल नकोसे होतात, हे आधीच लक्षात ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खिशात खराब होत नाही, आणि चटणीतले मीठ घामाने गेलेल्या मिठाची भर काढते. रक्तातील साखरेमुळे काय आणि किती खावे, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तयारी म्हणून एखाद्या रविवारी पंढरपूरपर्यंत जाऊन या. दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेच्या आसपास किलोमीटर होतात, आणि सोबत कोणी नसेल तर परतीला एसटी आहेच.

दुसरा पर्याय जुन्या रोडबाईकचा. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचे चाक धरणारा फोर्क कार्बनचा आणि शिमानो कंपनीचे सोरा किंवा टियाग्रा गिअर, इतके असले की हौशी माणसाला कमी पडत नाही. उत्साहाने घेतलेल्या आणि सहा महिन्यांत गच्चीवर गेलेल्या अशा सायकली विकायला येत असतात. घेताना मूळ बिल पाहा, फ्रेमवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून घ्या, आणि पट्टी घेऊन चेनचे बारा पूर्ण जोड (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक) मोजा. ते बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. एक-सोळांश इंच जास्त भरले तर चेन बदलावी लागेल, एक-अष्टमांश जास्त भरले तर मागची दातेरी कॅसेटही गेली असे समजून किंमत उतरवून मागा. जुनी कार्बनची फ्रेम मात्र ओळखीच्या माणसाची असल्याखेरीज घेऊ नका. ॲल्युमिनियम आपटले की पोचा दिसतो, कार्बनला आतून तडा गेला तरी रंग शाबूत राहू शकतो.

तिसरा पर्याय तुमचा, पावणेदोन लाखांचा. तो मी बाद करत नाही. माणसाने हौशीला पैसे खर्च करूच नयेत, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही आणि चार वर्षे पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाची हौस तोंडदेखली नसते. पण ‘ही घेतली की मी गटाबरोबर राहीन’ या समजुतीने ती घेऊ नका. पाच मित्रांपैकी तिघे तिशीतले आहेत, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. तुमच्या पत्रात कार्बन हा शब्द अकरा वेळा येतो आणि वयाचा उल्लेख दोनदाच. नवी सायकल घेऊनही पाकणीपुढे अंतर पडलेच, तर त्या वेळी दोष द्यायला सायकलही उरणार नाही, आणि तो रविवार आजच्यापेक्षा अधिक जड जाईल.

आता त्या चार ओळी. तुम्ही मित्रांना पंक्चरचे खोटे सांगितले आणि घरी किमतीचे खोटे सांगण्याच्या बेतात आहात. दोन्हींमागे मला एकच संकोच दिसतो. ‘मला तुमच्या वेगाने जमत नाही’ हे वाक्य तुम्हाला मित्रांसमोर उच्चारायचे नाही, म्हणून ते काम पावणेदोन लाखांच्या सायकलीकडून करून घ्यायचे आहे. आणि ‘मला ही वस्तू फार हवी आहे’ हे घरी म्हणायचे नाही, म्हणून आकडा लहान करायचा आहे. पहिल्या वाक्याला खर्च येत नाही. मोहोळपर्यंत सगळ्यांनी बरोबर जायचे, तेथे चहा घ्यायचा आणि परतताना ज्याला जसे जमेल तसे सुटायचे, असा नियम बऱ्याच गटांत असतो. परतीला वारा पाठीवर असल्याने तो तुम्हाला सोयीचाही आहे. तुमच्या मित्रांना तुम्ही मागे पडता हे कदाचित ठाऊकही नसेल. त्यांच्या लेखी तुमच्या टायरला काटे फार लागतात, एवढेच.

घरच्या आकड्याविषयी मी केवळ नीतीचे बोलत नाही. ठेवीचे पैसे काढल्याची नोंद पासबुकात येणार, सायकलीची किंमत मोबाईलवर कोणालाही दिसणार, आणि खोटे एकदाच सांगून भागणारही नाही. बारा स्पीडची चेन, कॅसेट, टायर, ब्रेक पॅड हे सारे त्या सायकलीच्या तोलाने महाग असते, म्हणजे साठ हजारांच्या सायकलीला दरवर्षी इतका खर्च कसा, याचा जबाब तुम्हाला नव्याने रचावा लागेल. सायकल चोरीला गेली किंवा अपघातात फ्रेम तडकली, तर नुकसान किती झाले हेही घरात बोलता येणार नाही. मित्रांनी असे केले आणि निभावले, असे ते म्हणतात. त्यांच्या पत्नींचे म्हणणे आपल्याला ठाऊक नाही.

पत्रात आणखी एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: रविवारी पहाटे पत्नी उठून चहा करते आणि बाटल्या भरून देते. म्हणजे या छंदात ती चार वर्षे सामील आहे. तिच्याकडे परवानगी मागायला जाऊ नका, तो सूर दोघांनाही अवघडून टाकतो. तीन पर्याय तीन आकड्यांसह एका कागदावर मांडा, प्रत्येकाखाली वर्षाच्या देखभालीचा अंदाज लिहा आणि तुम्हाला मनातून कोणता हवा आहे तेही सांगा. त्याच ठेवीतून तिलाही काही करायचे असेल, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारा, आणि उत्तर ‘काही नको’ असे आले तर ते लगेच खरे मानू नका.

निर्णय दिवाळीला घ्यायचा आहे, तोपर्यंत बरेच रविवार हातात आहेत. सीट आणि टायर याच आठवड्यात करून घ्या. मग एका रविवारी तुमच्या उंचीच्या मित्राशी सायकल बदला. मोहोळपर्यंत कार्बन तुमच्याकडे आणि हायब्रिड त्याच्याकडे. गटातल्या सर्वांत वेगवान माणसाने तुमची सायकल चालवली तर उत्तमच, कारण तो पाकणीपुढे कोठे असतो आणि तुम्ही कोठे असता, यावरून सायकलीचे किती आणि पायांचे किती हे तुम्हाला माझ्याहून चांगले समजेल. निघण्यापूर्वी दोघांच्या सीटची उंची टेपने मोजून ठेवा, म्हणजे परत आल्यावर पूर्वीसारखी लावता येईल. मित्राच्या सायकलीला बुटात अडकणारी पेडले असतील तर पेडलेही अदलाबदल करावी लागतील. त्यासाठी १५ नंबरचा पाना न्या, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटते.